घरची ओळ

भेंडी थांबत नाही.
आज सोडली तर उद्या बोटापेक्षा लांब,
परवा जून, म्हशीपुढे टाकायची.
आणि बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं:
फवारल्यावर सात दिवस तोडू नका.

ज्याने हे लिहिलं त्याच्या दारात भेंडी नसणार,
म्हणतात आबा. गोटीराम हरड, मुरबाडकडचे,
दीड एकर, विहिरीला पाणी मार्चपर्यंत.
सात दिवस म्हणजे तीन तोडे.
तीन तोडे म्हणजे मजुरी, टेम्पोचं भाडं
आणि आईचा चष्मा.
न फवारावं तर पांढरी माशी,
पानांच्या शिरा पिवळ्या,
आठ दिवसांत सगळा मळा
हळद लागल्यासारखा.

घरासाठी मात्र एक ओळ वेगळी.
विहिरीच्या कडेची, झेंडूला लागून.
तिच्यावर पंप फिरत नाही.
वाकडी, किडकी भेंडी,
पण सकाळी तिथे मधमाश्या इतक्या
की आई डोक्यावरून पदर घेऊन तोडते.
ही आपली, ती सांगायची, ती बाजारची.
लहानपणी मला वाटायचं,
बाजार म्हणजे एक माणूस आहे, लांब राहणारा,
ज्याला काहीच होत नाही.

आता मी तुर्भ्याला कामाला आहे.
प्रयोगशाळेत दिवसभर भेंडी वाटते,
गाळते, नळीत भरते, यंत्राला देते.
यंत्र कागदावर डोंगर काढतं.
डोंगर बुटका, तर माल विमानात.
डोंगर उंच, तर माल परत.
नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा.
कोणाची ते आम्हाला कळू नये म्हणून.

मंगळवारी एकेचाळीस नंबरच्या पिशवीत
भेंडीच्या लवेत अडकलेला एक लाल धागा.

भेंडी हाताला खाजते.
तोडताना आई माझे शाळेतले मोजे हातात घालते.
पांढरे, वर दोन लाल पट्टे.

चिमट्याने धागा काढला.
वाटलं. गाळलं. नळीत भरलं.
डोंगर उंच आला.
सही केली, सासरच्या आडनावाने.

परत गेलेला माल कुठे जातो
यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.
वाशीचं मार्केट तिथून दहा मिनिटांवर आहे.

संध्याकाळी कोपरखैरण्यात,
आमच्या सोसायटीच्या फाटकाशी हातगाडी.
भेंडीचा ढीग, सगळी सरळ, एका मापाची,
परदेशासाठी निवडतात तशी.
एक बाई नखाने शेंडे मोडून बघत होती.
कट्.
कोवळी आहे हो, ती मला म्हणाली, घ्या.
तिच्या कडेवरचं पोर एक भेंडी कच्चीच चावत होतं.
मी सुट्टे पैसे शोधत राहिले,
काहीही घ्यायचं नसताना.

रात्री फोन केला.
नापास झाली ना? आबाच म्हणाले. एजंट बोलला.
मग खाकरून:
तू नको काळजी करू,
तुला घरच्या ओळीतली पाठवतो रविवारी, एस्टीने.

आबा, मी म्हटलं,
बाजारात मीच राहते.

बराच वेळ फोनमध्ये
फक्त विहिरीवरची मोटार.

यंदा घरच्या ओळी सहा आहेत.
बाकीच्या मळ्यात पिवळे चिकट कागद, काठ्यांना टांगलेले,
कडेने मका.
एका ओळीचा शेंडा किडीने खाल्लाच.
जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आबांचा हिशेब आहे:
डावीकडे कमी भरलेल्या पाट्या,
परत गेलेल्या दोन मजूरणी;
उजवीकडे न आणलेल्या बाटल्या,
आणि त्याखाली, समोर रुपये न लिहिता,
डोकं दुखलं नाही.
ओढ्यात खेकडे दिसले, तीन.

बेरीज अर्ध्यावर सोडलेली.
मी गेले की पत्रिका पुढे सरकवतात,
पेन्सिल कानावरून काढून देतात:
तू शिकलेली ना,
बघ बरं, यात हातचा
कुठे धरायचा.